इंजिनातून तेल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना हातात घ्या

विजेचे आणि सौर पंप आता पुष्कळ विहिरींवर दिसतात. तरीही जिथं विजेची लाइन पोचलेली नाही, किंवा ओढ्या-नदीवरून पाणी उचलायचं असतं, तिथं डिझेल इंजिनच कामाला येतं. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली स्थापन झाली. इतकी जुनी आपली या इंजिनांशी ओळख. इंजिन वापरून वापरून जुनं झालं की त्याच्या बुडाशी तेलाचा डाग दिसू लागतो. "चार थेंब तर गळतात, चालायचंच," असं म्हणून आपण काणाडोळा करतो. आज या चार थेंबांविषयीच बोलायचं आहे.

आधी हिशेब करा. इंजिनाखाली स्वच्छ ताटली ठेवा, तासभर इंजिन चालवा आणि जमलेलं तेल औषधाच्या मापानं मोजा. समजा, १० मिलिलिटर भरलं. रोज ८ तास पाणी दिलं तर दिवसाला ८० मिलिलिटर, आणि १० दिवसांत ८०० मिलिलिटर गेलं. लहान इंजिनाच्या पेटीत मुळात तेल मोजकंच असतं. ते खालच्या खुणेखाली गेलं की बेअरिंग कोरडं पडतं, इंजिन तापतं आणि जाम होतं. गहू चिकात असताना असं झालं तर पाण्याची पाळी चुकते आणि दाणा पोचट राहतो. शिवाय काठावरचं तेल पावसानं विहिरीत उतरलं तर तवंग येतो, आणि तेच पाणी जनावरं पितात, माणसंही पितात.

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. इंजिन बंद करून थंड होऊ द्या. गळणारं तेल दोन बोटांत चोळून पाहा. चिकट आणि काळं असेल तर ते वंगणाचं तेल. पातळ असेल आणि उग्र वास आला तर ते डिझेल. मग डिझेलच्या नळ्या आणि त्यांचे जोड तपासा. त्यानंतर तेलाची पट्टी काढून पातळी बघा. इंजिन समपातळीत बसलेलं नसेल तर पट्टी खोटं सांगते, हे ध्यानात ठेवा. तेल वरच्या खुणेच्या वर भरलं असेल तर जास्तीचं तेल फटी शोधून बाहेर येतं. तेवढं काढून टाका. तेल न घालताच पातळी वाढत असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल तर मात्र इंजिन चालवू नका. डिझेल आत झिरपून तेल पातळ झालेलं असतं. मिस्त्रीला बोलवा.

तेल वरून खाली आणि वाऱ्यानं मागं पसरतं. म्हणून जिथं थेंब लोंबतो तिथंच गळती असेल असं नाही. चिंधी डिझेलमध्ये भिजवून सारं इंजिन पुसा, कोरडं करा आणि संशय असलेल्या जोडांवर खडूची बारीक पूड किंवा अंगाला लावायची पावडर शिंपडा. राख, माती किंवा रांगोळी वापरू नका. तिची कच यंत्राला खाते. दहा मिनिटं इंजिन चालवा. धोतराचा सोगा, पदर, उपरणं चाकापासून लांब ठेवा. मग इंजिन बंद करून वरून खाली बघत या. पावडर सर्वांत वर जिथं ओली झाली असेल, तिथंच गळतीचं मूळ असतं.

तरीसुद्धा लगेच पाना लावू नका. आधी ब्रीदर बघा. पिस्टन खाली येतो तेव्हा पेटीतली हवा दाबली जाते, आणि ती बाहेर पडायला ब्रीदर ही वाट ठेवलेली असते. पुष्कळ एकसिलिंडरी इंजिनांत तिथं पातळ झडप असते. ती हवा बाहेर सोडते, परत आत घेत नाही. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात ही झडप मिनिटाला १५०० वेळा उघडते. ती काजळीनं चिकटली किंवा मोडली की आतला दाब वाढतो आणि चांगल्या जोडांतूनही तेल बाहेर रेटलं जातं. एकाच वेळी चार ठिकाणी ओल दिसली तर पहिला संशय ब्रीदरवर घ्या. तो काढून डिझेलनं धुवा, वाळवा आणि झडप होती तशीच बसवा. पुष्कळदा एवढ्यानंच काम भागतं. साफ केल्यावरही ब्रीदरमधून सारखा गरम धूर येत असेल तर रिंगा झिजल्या असं समजा. मग नुसतं पॅकिंग बदलून उपयोग नाही.

ब्रीदर ठीक असेल तर गळणाऱ्या झाकणाचे नट बघा. ढिले असतील तर समोरासमोरचे नट थोडे थोडे आळीपाळीनं आवळा. जोर काढू नका. जास्त आवळल्यानं पत्र्याचं झाकण वाकतं, पॅकिंग चिरडतं आणि गळती वाढते.

पॅकिंग गेलं असेल तर झाकण काढा. जुनं पॅकिंग बोथट पट्टीनं खरवडा आणि तुकडे आत पडू देऊ नका. खुरपं किंवा छिन्नी लावली तर चरा पडतो आणि त्या चऱ्यातून कायम तेल येतं. झाकण शहाबादी फरशीवर पालथं ठेवून डगमगतं का ते पाहा. नवं पॅकिंग जुन्याच्याच जाडीच्या कागदाचं कापा, आणि तेलाचं भोक बुजलं नाही ना याची खात्री करा. साबण, सुतळी, डांबर असले उपाय करू नका. त्याचा तुकडा आत गेला तर तेलाची वाट बंद होते.

तेल काढायच्या बुचाखाली तांब्याचा वायसर असतो. तो वापरून कडक होतो आणि मग गळतो. तो लाल होईतो तापवून पाण्यात टाका. पोलाद असं विझवलं की कडक होतं. तांबं मात्र तापवल्यानं नरम होतं. काजळी पुसून वायसर परत बसवा. अॅल्युमिनियमचा असेल तर तापवू नका, नवाच घ्या.

काही जागांना आपण हात लावायचा नाही. डिझेल पंपाखालचं आणि सिलिंडरच्या बुडाचं पॅकिंग नुसतं तेल अडवायला नसतं. त्याच्या जाडीवर इंजिनाची जुळणी ठरते. जाडी बदलली की इंजिन ठोकतं, धूर टाकतं. चाकामागचं ऑइल सील गळत असेल तर तेल पट्ट्यावर उडतं आणि पट्टा घसरतो. ते चाक फार जड असतं. ते काढायचं काम मिस्त्रीचंच.

दुरुस्तीनंतर तेल पातळीपर्यंत भरा, अर्धा तास इंजिन चालवा, पुसा आणि परत बघा. ताटली पुन्हा तासभर ठेवून मोजा. पहिला आकडा नि आताचा आकडा ताडून पाहिला की काम झालं की नाही ते कळतं. सांडलेलं तेल भुसा टाकून टिपून घ्या. काढलेलं जुनं तेल डब्यात साठवा. ओढ्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका.

आणि एक सवय लावून घ्या. रोज हँडल मारण्याआधी तेलाची पट्टी बघायची. त्याला मिनिटभरही लागत नाही, पण इंजिन जाम होणार असेल तर ते त्याच मिनिटात कळतं.