बकासुराचे वेतन

सेलूहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात केळझर येते. हे सेलू वर्धा जिल्ह्यातले, परभणीकडचे नव्हे. केळझरच्या सिद्धिविनायकाला तुमच्यापैकी पुष्कळजण जाऊन आला असाल. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे आपल्याकडील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. हा मान सांगणारी दुसरीही गावे आहेत. तो वाद आज नको. त्या गोष्टीतला एकच शब्द मला आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

बकासुराची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस, अशी घरागणिक पाळी. पण आदिपर्वात पांडवांचा यजमान कुंतीला आणखी एक गोष्ट सांगतो, ती आपण सहसा विसरतो. तो म्हणतो, हा राक्षस आमच्या नगराचे रक्षण करतो, त्याच्यामुळे आम्हांला शत्रूचे भय नाही. आणि भात, रेडे, माणूस हे त्याचे 'वेतन' आहे. वेतन! म्हणजे कामाचा मोबदला. जो खातो तो रखवालदार ठरला, आणि ज्याला खायचे तो त्याला पगार देणारा धनी!

धमकी देऊन पैसा उकळणाऱ्यांची सारी विद्या या एका शब्दात आली. असे पाहा, दरोडेखोर दार फोडतो, लुटतो आणि पळतो. त्याला शब्दाची गरज नसते. वर्धेकडे जुन्या गावांतून मातीच्या गढ्या दिसतात. पेंढाऱ्यांच्या धाडी यायच्या त्या काळातल्या त्या. घोड्यांची धूळ दिसली की माणसे गढीत शिरत. खंडणी मागणाऱ्यापुढे मात्र गढी उपयोगाची नाही. त्याला तुमच्याकडे पुन्हापुन्हा यायचे असते, म्हणून तो आपल्या मागणीला एखादे सभ्य नाव देऊन सरळ दारातूनच येतो.

'खंडणी' हाच शब्द घ्या. खंडणे म्हणजे तोडणे, तोडून ठरवणे. घाटावर शेत खंडाने देतात. आपण इकडे मक्त्याने म्हणतो. तेव्हा खंडणी म्हणजे ठरवून टाकलेली रक्कम. मराठेशाहीत हा राजाराजांमधला शब्द होता. किती द्यायचे, केव्हा द्यायचे, हे करारात ठरे. चौथाईच्या तर १७१९ साली दिल्लीच्या बादशहाकडून सनदा मिळाल्या. राज्ये गेली, आणि दरबारातला शब्द गल्लीत उतरला.

'हप्ता' त्याचाच भाऊ. फारसीत हफ्ता म्हणजे आठवडा. ठराविक मुदतीने फेडायच्या कर्जाला आपण हप्ता म्हणू लागलो, आणि तोच शब्द उचलून गुंड फेरीवाल्यापुढे उभा राहिला. जणू बिचाऱ्याने त्याच्याकडून कर्जच घेतले होते! इंग्रजांचेही तेच. 'ब्लॅकमेल'मधले मेल हे टपाल नव्हे. स्कॉटलंडच्या जुन्या बोलीत मेल म्हणजे खंड. सोळाव्या शतकात तिथल्या सरहद्दीवरचा शेतकरी एक खंड जमीनदाराला देई आणि दुसरा, काळा खंड, गुरे वळवून नेणाऱ्या टोळ्यांना.

मराठीने मात्र एक काम चोख केले. खंडणीला तिने 'खोर' जोडला. फारसीत खोर म्हणजे खाणारा. लाचखोर म्हणतो तसाच. खंडणीखोर म्हणताच रखवालदाराचा बुरखा गळून पडतो आणि खाणारा उघडा होतो. कायद्याच्या मराठीत या गुन्ह्याला 'बलाद्‌ग्रहण' म्हणतात. शब्द जड आहे, पण खोटा नाही. भीती घालून दुसऱ्याला त्याची वस्तू द्यायला लावणे, हा त्याचा अर्थ. १८६० च्या दंड संहितेत तो ३८३ व्या कलमात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ३०८ व्या कलमात आहे. आणि हे ध्यानात ठेवा की, पैसा हाती पडला नाही तरी त्यासाठी भीती घालणे हाही गुन्हाच आहे.

आता हे आजच का सांगायचे? कारण बकासुर हल्ली टेलिफोनवरून बोलतो. कोणा मुलीचा चेहरा नको त्या चित्राला चिकटवतो आणि पैसे मागतो. कोणा निवृत्त मास्तरांना म्हणतो, तुम्हांला 'डिजिटल अरेस्ट' केली आहे. अशी अटक कायद्यात नाहीच. पण तो खंडणी हा शब्द कधी उच्चारत नाही. तो म्हणतो दंड, अनामत, पडताळणी, सेटलमेंट. सेटलमेंट म्हणजे तरी काय? ठरवून टाकणे. म्हणजे खंडणेच की हो!

अशा वेळी घरातला माणूस घाबरतो, लाजतो आणि मनाशी म्हणतो, एकदाचे देऊन टाकू, प्रकरण मिटेल. ते मिटत नाही. एकचक्रेतला गाडा दिल्याने कधी थांबला नाही. तो पुढच्या घरी गेला. म्हणून आधी घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा, 'माझ्याकडे कोणी खंडणी मागतो आहे.' मग पोलिसांना कळवा. आलेले निरोप पुसू नका, तो पुरावा आहे. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तातडीच्या मदतीसाठी ११२.

आणि ज्यांच्यावर पाळी आलेली नाही, त्यांच्यासाठी थोडेसे. त्या गोष्टीत भीम पुढे आला, तो कुंतीमुळे. यजमानाच्या घरातले रडणे तिच्या कानी पडले. दुसऱ्याच्या घरचे दुःख म्हणून ती गप्प बसली नाही. आत गेली आणि काय झाले ते विचारले. तुमच्या शेजारचे कोणी चार दिवस गप्पगप्प असेल, उसने पैसे मागत फिरत असेल, तर तुम्हीही विचारा.