छायाचित्राचे ठिपके आणि कागदाचा आकार

आजी निवर्तते. भिंतीवर लावण्यासाठीं मोबाईलमधील तिचें छायाचित्र मोठें करावयास दिलें जातें, आणि हातीं येतो तो अस्पष्ट चेहरा. दोष बहुधा छापणाऱ्याचा नसतो. ठिपके अपुरे असतात.

डिजिटल छायाचित्र म्हणजे एक प्रकारची ठिपक्यांची रांगोळीच. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. रुंदीला ४००० व उंचीला ३००० ठिपके असले, म्हणजे एकूण १ कोटी २० लक्ष होतात. हातांत धरून पाहावयाच्या चित्रास दर इंचीं ३०० ठिपके हें प्रमाण उत्तम. ४००० ला ३०० नें भागिलें कीं रुंदी सुमारें १३ इंच येते. उंची १० इंच. भिंतीवरील चित्र दुरून पाहिलें जातें. तेथें १५० ही पुरतात, आणि लांबीरुंदी दुप्पट मिळते.

परंतु संदेशांतून आलेली प्रत पुष्कळदां आक्रसलेली असते. तींत रुंदीला १२०० च ठिपके उरले, तर ३०० च्या प्रमाणानें ४ इंच रुंदीच साधते. संगणक मधले ठिपके अंदाजानें भरतो. आजीच्या गालावरील हरवलेली खरी सुरकुती मात्र त्याला परत आणतां येत नाहीं. म्हणून मूळ प्रत जपावी, आणि छापावयास तीच द्यावी.