गिअरच्या सायकलचा हरवलेला स्क्रू

आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. आज आपण बोलणार आहोत गिअरच्या जुन्या सायकलबद्दल आणि तिच्या हरवलेल्या बारीकसारीक भागांबद्दल. आपल्या किती घरांमागे, गोठ्याच्या भिंतीला, अशी एखादी सायकल टेकवून ठेवलेली आहे ते आठवा बरं. कुणाला शहरातल्या नातेवाइकांनी दिलेली, कुणी जुन्या बाजारातून आणलेली. चाकं चांगली, सांगाडा चांगला, तरी सायकल बंद. विचारलं तर उत्तर एकच: "तिचा पार्ट मिळत नाही."

आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी बारावीला आहे. कॉलेज आठ किलोमीटर. सकाळची एसटी चुकली की दिवस बुडाला. मामानं दिलेली गिअरची सायकल होती, पण एके दिवशी मागचा गिअर चाकाच्या स्पोकमध्ये जाऊन अडकला आणि पोरगी पडली. नशिबानं खरचटण्यावर निभावलं. तालुक्याच्या एका दुकानात सांगितलं, "पूर्ण सेट बदला." तो खर्च ऐकून घरात दुसरीच चर्चा सुरू झाली: कशाला पाठवायचं रोज एवढ्या लांब? मैत्रिणींनो, हरवला होता एक स्क्रू. प्रश्न उभा राहिला तो मुलीच्या शिक्षणाचा.

आता हा गिअर काय असतो ते समजून घेऊ. मागच्या चाकाजवळ खाली लोंबणारा, दोन छोट्या दातेरी चाकांचा जो भाग दिसतो, त्याला डिरेलर म्हणतात. तार ओढली की तो चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. तार सैल सोडली की आतली स्प्रिंग त्याला परत आणते. तो किती आत जाईल आणि किती बाहेर येईल, हे ठरवणारे दोन छोटे स्क्रू असतात. बहुतेकांवर 'एच' आणि 'एल' ही इंग्रजी अक्षरं असतात. 'एच' चेनला बाहेरच्या बाजूला पडू देत नाही. 'एल' तिला आत, स्पोकमध्ये जाऊ देत नाही. त्या मुलीच्या सायकलचा 'एल' स्क्रू हादऱ्यांनी गळून पडला होता.

तो कसा शोधला? दोन्ही स्क्रू सहसा एकाच मापाचे असतात. म्हणून आम्ही 'एच' स्क्रू काढला. काढताना फेरे मोजले, म्हणजे परत तेवढाच बसवता येतो. तो घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि त्याचा जोडीदार मागितला. दहा रुपयांच्या आत काम झालं. घरी आल्यावर चाक फिरवत डिरेलर हातानं हळूच आत ढकलून पाहिला. चेन मोठ्या चकतीवर चढली पाहिजे, पण तिच्या पलीकडे जाता कामा नये. तसं जमल्यावर स्क्रूच्या डोक्याशी नेलपॉलिशचा एक थेंब सोडला. तो वाळला की स्क्रू सहज सैल होत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. दुकानात कंपनीचं नाव सांगू नका, माप सांगा. शक्य असेल तर नमुना दाखवा. तार आवळणारा बोल्ट बहुतेक वेळा ५ मिलिमीटरचा असतो. तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याखालचा खाचेचा वायसर मात्र जपा, कारण तार त्या खाचेतच बसते. गिअरची तार साधारण १.२ मिलिमीटर जाडीची, ब्रेकची त्याहून जाड. गिअरची तार ब्रेकला कधीही लावू नका.

छोट्या दातेरी चाकांचे दात मोजा. जुन्या डिरेलरमध्ये १० किंवा ११ दात असतात. चाकाच्या मधली बारीक नळी आणि दोन्ही बाजूंची झाकणं नेमकी हरवतात. नुसतं चाक आणून उपयोग नाही, नळीची लांबी आणि बोल्टची जाडीही जुळली पाहिजे. नवा बोल्ट आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरवून बघा. अडला तर पान्यानं जोर करू नका, आटे मरतात.

जुने डिरेलर बनवणाऱ्यांत फ्रान्सची सिम्प्लेक्स, जपानची सनटूर ही मोठी नावं. सनटूरनं १९६४ मध्ये काढलेली तिरक्या चौकटीची रचना आजही बहुतेक डिरेलरमध्ये दिसते. तेव्हाचे सुटे भाग आता दुकानात येत नाहीत. पण डिरेलर सायकलला जोडणारा बोल्ट बहुतेकांचा १० मिलिमीटर जाडीचा आणि १ मिलिमीटर आट्यांचा असतो. कंपनी गेली तरी माप राहिलं. जुन्या फ्रेंच मालाचं माप वेगळं असू शकतं, म्हणून नमुना सोबत हवाच.

आणखी एक खूण. गिअरची खिट्टी टक-टक न करता नुसती सरकत असेल, तर दुसऱ्या कंपनीचा डिरेलरही बहुधा चालतो, कारण चेन आपण हातानंच जुळवतो. टक-टक करणारी असेल तर खिट्टी आणि डिरेलर यांची जोडी जुळावी लागते.

हार्डवेअरमध्ये जे मिळत नाही, ते भंगारात शोधा. मोडका डिरेलर वजनावर मिळतो आणि त्यात स्प्रिंग, झाकणं, स्क्रू असं बरंच निघतं. पुण्याला जाणं झालं तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार भरतो, तिथं नजर टाका. जाताना तुटका तुकडा खिशात असू द्या. तुटका म्हणून तो फेकून दिलात, तर माप गेलं.

सायकल खोलताना खाली परात ठेवा, आधी मोबाइलवर फोटो काढा आणि काढलेले भाग क्रमानं मांडा. आमच्या गटानं बैठकीच्या पेटीशेजारी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. ज्या घरात मोडकी सायकल आहे, तिथले स्क्रू, वायसर, छोटी चाकं त्यात येतात. ज्या बाईला लागतं ती वहीत नोंद करून नेते. बचत फक्त रुपयांची असते असं थोडंच आहे?

तेव्हा येत्या बैठकीत विचारा, कुणाच्या दारात गिअरची सायकल बंद पडली आहे. "पार्ट मिळत नाही" असं उत्तर आलं, तर पुढचा प्रश्न विचारा: "कोणता पार्ट? माप घेतलंय का?" सेट बदलण्याचं किंवा मुलीला घरी बसवण्याचं बोलणं त्यानंतर.