पुराव्याचे कायदे आणि आपली जमीन
[शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत दिलेले व्याख्यान]

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये," ही म्हण आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आम्ही आज विचारतो, या म्हणीने आजवर कोणाचे भले झाले? आपण पायरी चढलो नाही. पण ज्याला आपली जमीन हवी होती तो खुशाल चढला. समन्स आले तेव्हा आपण पेरणीत होतो, तारखेला गेलो नाही, आणि आपल्यामागे एकतर्फी हुकूमनामा झाला. जो गेला त्याचे खरे ठरले आणि जो घरी बसला त्याचे खोटे ठरले. म्हणून कज्जेदलालीचा नाद कोणी लावून घेऊ नये हे खरे असले, तरी कोर्टात सत्य कसे शाबीत होते एवढे तरी प्रत्येक शेतकऱ्याच्या आणि बलुतेदाराच्या घरात ठाऊक असले पाहिजे. तेवढेच सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहो.

प्रथम थोडा इतिहास. हिंदुस्थानचा पुराव्याचा कायदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडिताने तयार केला आणि तो 1 सप्टेंबर 1872 रोजी अंमलात आला. पुढे तीन वर्षेही झाली नाहीत तोच, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर धाव घेतली आणि हा दंगा पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरला. त्या लोकांनी शोधले काय? बहुतेक ठिकाणी त्यांनी रोखे, खते आणि चोपड्या शोधून बाहेर काढल्या आणि जाळल्या. त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांना एक गोष्ट पक्की समजली होती की, कोर्टात आपण शंभर वेळा कळवळून बोललो तरी सावकाराचा एक कागद आपल्याला भारी पडतो.

सरकारलाही ते कळून चुकले. म्हणून 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. न्यायाधीशाने नुसता रोखा पाहून हुकूमनामा देऊ नये, व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन चौकशी करावी, असे त्यात सांगितले. पुढे त्यात अशीही दुरुस्ती झाली की, कागदावर खरेदी लिहिली असली तरी खरा व्यवहार कोणता, हे कोर्टाने शोधून काढावे. तो कायदा आता राहिला नाही. 1872 चा कायदाही गेला. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम, 2023 लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदलले, पण मूळचे नियम बहुतांशी तेच आहेत. तेव्हा जुना वकील जुने कलम बोलला आणि नवा वकील नवे बोलला, तर गोंधळून जाऊ नये.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, रामा नावाचा एक शेतकरी आहे. मुलीच्या लग्नासाठी त्याने दोन लाख रुपये काढले. सावकार म्हणाला, "गहाणखताची कटकट नको. एक एकराचे खरेदीखत करून दे. पैसे फेडलेस की जमीन तुझी तुला परत." रामाने सही केली, खत नोंदवले गेले. तीन वर्षे रामाने व्याज दिले. चौथ्या वर्षी सावकार नांगर घेऊन शेतात उभा राहिला. आता रामाने काय करावे?

पहिला प्रश्न असा की, शाबीत कोणी करावयाचे? कायदा सांगतो, जो एखादी गोष्ट खरी आहे म्हणून कोर्टाकडे न्याय मागतो, त्यानेच ती शाबीत केली पाहिजे. नव्या कायद्याचे 104 वे कलम ते हेच. रामा म्हणतो, ही खरेदी नव्हती, कर्ज होते. तेव्हा बोजा रामावर. तो तक्रार करील की, "मी गरीब, तो श्रीमंत, मग माझ्यावर बोजा का?" यालाही कायद्यात थोडी वाट आहे. ज्याच्यावर आपण पूर्ण भरवसा टाकला, अशा माणसाने आपल्याशी व्यवहार केला असेल, तर तो सचोटीने केला हे त्याने दाखवावयाचे असते. निरक्षर बाईचा अंगठा घेतला असेल, तर तिला मजकूर वाचून, समजावून सांगितला होता की नाही, हेही कोर्टे बारकाईने पाहतात. पण या वाटेवर विसंबून हात जोडून बसू नये. आपला पुरावा आपण गोळा करावा.

दुसरा प्रश्न कागदाचा. व्यवहार एकदा लेखी झाला की त्यातील अटी त्या लेखावरूनच शाबीत होतात, आणि त्या अटींच्या उलट तोंडी करार सांगता येत नाही. कलमे 94 आणि 95. शिवाय 1882 च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात 1929 साली अशी भर पडली की, जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिली नसेल, तर तो व्यवहार गहाण म्हणून धरला जाणार नाही. सावकाराचा सल्लागार हे चांगले जाणतो. म्हणूनच तो परत देण्याची गोष्ट तोंडी ठेवतो आणि खरेदी तेवढी लेखी करतो. बंधूंनो, "शब्द दिला आहे" या तीन शब्दांवर आपल्या किती एकरांचे पाणी झाले असेल, त्याचा ज्याने त्याने आपल्या गावापुरता विचार करावा.

मग रामा बुडाला काय? नाही. त्याच 95 व्या कलमाला परंतुकांची दारे आहेत. फसवणूक, धाकदपटशा, चूक, बेकायदेशीरपणा, किंवा खतात लिहिलेला मोबदला प्रत्यक्ष न मिळणे, या गोष्टी तोंडी पुराव्याने शाबीत करता येतात. खतात "पाच लाख रोख पावले" असे लिहिले आणि हातात दोनच लाख आले, तर ते सांगण्यास लेख आड येत नाही. याच्याही पुढे जाऊन, महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आणि 1982 च्या निकालग्रंथांत छापलेल्या एका मुकदम्यात कर्ज काढणाऱ्या बाईने सांगितले की, खरेदीखत आणि भाडेचिठ्ठी ही दोन्ही नावापुरती होती, खरा व्यवहार उसनवारीचा होता. न्यायालयाने ठरवले की, दस्तऐवज केवळ देखाव्याचा होता आणि तो अंमलात आणण्याचा कोणाचाच हेतू नव्हता, असे दाखवण्यासाठी तोंडी पुरावा देता येतो. त्या बाईचे म्हणणे टिकले.

पण दार उघडे असणे वेगळे आणि आत जाणे वेगळे. रामाने नुसते "देखाव्याचे खत होते" म्हणून भागत नाही. त्याने दाखवावे की, खत झाल्यावरही शेत आपणच वाहत होतो, सारा आपणच भरला, पीक आपणच बाजारात नेले. एकराचा भाव सहा लाखांचा असता दोन लाखांत कोणता शहाणा विकतो, हे शेजारच्या नोंदलेल्या खरेदीखतांवरून दाखवावे. व्याज बँकेतून किंवा फोनवरून दिले असेल तर त्याचा उतारा हजर करावा. याच सावकाराकडे आणखी कोणाकोणाची अशीच खते झाली, ते पाहावे. अशा दहा काड्यांची मोळी होते, आणि ती मोळी मोडणे सोपे नसते. मात्र उशीर करू नये. खत रद्द करून मागण्याचा दावा, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. सावकारीतून जमीन गेली असेल, तर महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे जिल्हा निबंधकाकडेही अर्ज करता येतो.

तिसरी गोष्ट सावकाराच्या वहीची. लाल कापडात बांधलेली चोपडी पाहिली की आपल्या माणसाची बोलती बंद होते. तुम्हाला आम्ही आज सांगून ठेवतो, आणि हे घरी जाऊन बायकामुलांनाही सांगा: नियमित ठेवलेली हिशेबाची वही पुराव्यात येऊ शकते, पण केवळ वहीतील नोंदीवर कोणावरही देणे लादता येत नाही. पूर्वी हे 34 वे कलम होते, आता 28 वे आहे. पैसे दिले याचा दुसरा पुरावा सावकाराने आणला पाहिजे. सुटे कागद म्हणजे हिशेबाची वही नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली हवाला प्रकरणात स्पष्ट सांगितले. हाच नियम आपल्यालाही लागू आहे. आमचे सुतार, लोहार, कुंभार, शिंपी बंधू उधारीवर काम करतात आणि हिशेब डोक्यात ठेवतात. त्यांनी रोजच्या रोज वही लिहावी आणि माल पोचल्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी. वही आणि सही दोन्ही असली म्हणजे उधारी बुडवणे जड जाते.

चौथी गोष्ट सातबाऱ्याची. सातबाऱ्यावर नाव लागले की जमीन आपली झाली, आणि नाव उडाले की गेली, असा आपल्याकडे समज आहे. दोन्ही अर्धवट आहेत. 1966 च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे हक्कनोंदीतील नोंद उलट शाबीत होईपर्यंत खरी धरली जाते. पण फेरफाराने मालकी मिळत नाही की जात नाही. मालकी खत, वारसा आणि वाटणी यांतून येते. म्हणून भाऊबंदाने गुपचूप फेरफार करून घेतला तर हबकून जाऊ नये, आणि स्वस्थही बसू नये. मूळ खते हरवली असतील तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून सहीशिक्क्याच्या नकला काढाव्यात. मूळ कागद प्रतिपक्षाच्या हातात असेल तर तो हजर करण्याची नोटीस द्यावी; त्याने दडवला तर नक्कल दाखल करता येते.

आता साक्षीदारांकडे वळू. आपल्याकडे मुकदमा म्हटला की आधी दहा सोयरे गोळा करतात. कायद्यात साक्षीदारांची संख्या ठरलेली नाही. एकच साक्षीदार विश्वासाचा ठरला तर तेवढ्यावर गोष्ट शाबीत होते. पण त्याने स्वतः पाहिलेले किंवा स्वतः ऐकलेले सांगितले पाहिजे. रामाच्या घरात बसून सावकार म्हणाला, "जमीन परत करीन," आणि चुलीपाशी बसलेल्या रामाच्या बायकोने ते स्वतःच्या कानांनी ऐकले, तर तिची साक्ष चालते, कारण तो प्रतिपक्षाचा स्वतःचा बोल आहे. हीच गोष्ट तिने शेजारणीला सांगितली आणि शेजारीण कोर्टात आली, तर ती ऐकीव गोष्ट झाली. ती चालत नाही. पाहा, ज्या बाईला "तुला काय कळते" म्हणून आपण गप्प बसवतो, तिच्या साक्षीवर घरची जमीन वाचू शकते. कायदा बाईची साक्ष पुरुषापेक्षा हलकी मानत नाही. आपण तरी का मानावी?

साक्ष देताना प्रथम सरतपासणी, मग प्रतिपक्षाची उलटतपासणी, आणि लागली तर फेरतपासणी होते. आपला वकील उत्तर तोंडात घालणारे प्रश्न सहसा विचारू शकत नाही. समोरचा वकील विचारू शकतो. त्याने रागावून विचारले म्हणून रागावू नये. जेवढे विचारले तेवढेच सांगावे, आणि ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" म्हणावे. पढवलेला साक्षीदार तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो आणि खरी बाजूही आपल्याबरोबर बुडवतो. शपथेवर खोटे बोलण्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. सावकाराने खोटे खत केले म्हणून आपण खोटा साक्षीदार उभा करावा, हा न्याय आम्हाला मान्य नाही. तसे केले तर आपल्यात आणि त्याच्यात फरक तो काय राहिला?

शेवटची गोष्ट फोनची. आता बोलणे, पैसे, फोटो सगळे फोनमध्ये असते. त्यातील मजकुराची नक्कल कोर्टात द्यावयाची तर 63 व्या कलमाप्रमाणे ठराविक दाखला जोडावा लागतो. जालन्याच्या निवडणुकीवरून उठलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हा दाखला आवश्यक ठरवला. मात्र मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात हजर केले तर दाखल्याची गरज नाही, असेही सांगितले. म्हणून वाद उभा राहिला की तो फोन विकू नये, मोडीत देऊ नये आणि त्यातला मजकूर पुसू नये.

बंधुभगिनींनो, 1875 साली आपल्या पूर्वजांनी सावकाराचे कागद जाळले. त्याबद्दल कित्येकांना तुरुंग भोगावा लागला. आपण जाळावयाचे नाही, वाचावयाचे आहे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा करू नका. खत वाचून घेतल्यावाचून, आणि शक्य तर शाळेत शिकणाऱ्या मुलीकडून घरी पुन्हा वाचून घेतल्यावाचून, कचेरीत जाऊ नका. पैसे दिले की पावती घ्या. सगळे कागद एका पेटीत ठेवा आणि ती पेटी कोठे आहे हे घरच्या बाईला ठाऊक असू द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना आणि गरिबांना तेथे फुकट वकील मिळतो. तो उपकार नसून आपला हक्क आहे.

या आठवड्यात प्रत्येकाने एवढेच करावे: घरी जाऊन पेटी उघडावी, आणि आपल्या जमिनीचा एक एक कागद मोठ्याने वाचून घ्यावा.