थोड्या पैशांतली रोषणाई



कामगार संघटनेत उभा जन्म घालवलेला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो संप, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही एका परदेशी गावाच्या नाताळच्या दिव्यांविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. पण गावाचा सण साजरा करायचा तर पैसा कोणी द्यायचा आणि राबायचे कोणी, हा प्रश्न आमच्याच पेठेतला आहे.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा परगणा आहे. तेथे पेन्झान्स शहराच्या दक्षिणेस मौझल हे कोळ्यांचे गाव. इंग्रजीत ज्या अक्षरांनी हे नाव लिहितात, त्यांचा सरळ अर्थ होतो 'उंदराचे बीळ'. वस्ती हजाराच्या आत, रस्ते अरुंद, आणि दगडी धक्क्यांच्या आत एक लहानसे बंदर. १९६३ साली गावात राहणाऱ्या जोन गिलक्रेस्ट या चित्रकर्तीने धक्क्यावर रंगीत दिव्यांची एक माळ लावली. आरंभ एवढाच. आज डिसेंबरच्या मध्यापासून नववर्षापर्यंत त्या बंदराच्या पाण्यावर समुद्रसर्प, मासे, गलबते अशा दिव्यांच्या आकृती तरंगताना दिसतात आणि त्या पाहायला लांबलांबून माणसे येतात. हे सारे काम स्वयंसेवक करतात आणि खर्च देणग्यांतून भागतो.

आता कोणी म्हणेल, दिवे लावायला असा कितीसा खर्च येतो? एलईडी दिव्यांमुळे विजेचे बिल पूर्वीपेक्षा पुष्कळच उतरले आहे, हे खरे. परंतु इंग्लंडात रस्त्यावर तार ओढायची तर रस्त्यांच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागते. भिंतीत बसवलेला आकडा किती ओढ सोसतो याची परीक्षा द्यावी लागते. शिवाय कोणाच्या डोक्यावर काही पडले तर भरपाईसाठी विमा उतरावा लागतो. दिवा स्वस्त झाला, पण तो सुरक्षितपणे टांगण्याची जबाबदारी स्वस्त झालेली नाही. आणि ती तशी होऊही नये. शिडीवर चढणारा मनुष्य स्वयंसेवक असला म्हणून त्याची हाडे काही निराळी नसतात.

स्वयंसेवा हा शब्द कानी आला की आमच्यासारख्याला जरा सावध व्हावे लागते. कित्येक ठिकाणी या गोंडस शब्दाखाली माणसाची मजुरी बुडवलेली आम्ही पाहिली आहे. म्हणून असल्या कामाची पारख करताना आम्ही तीन प्रश्न विचारतो. राबणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची मुभा आहे काय? जमाखर्चाची वही त्याला पाहता येते काय? आणि जे निर्माण होते, ते शेवटी कोणाच्या मालकीचे? ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या श्रमाला दान म्हणू नये. ती वेठ होय. तारकाम जाणणाऱ्या कारागिराला बोलावले तर त्याला त्याचा दाम द्यावा. काटकसर करायची ती आकृतीच्या आकारात करावी, कारागिराच्या घामात करू नये.

मौझलचे दिवे कोणाच्या मालकीचे, हे १९८१ साली दिसून आले. त्या वर्षी १९ डिसेंबरच्या रात्री 'युनियन स्टार' नावाच्या मालवाहू जहाजाचे इंजिन बंद पडले आणि प्रचंड वादळात ते किनाऱ्याच्या खडकांकडे ढकलले जाऊ लागले. जहाजावर आठ माणसे होती. त्यांना सोडवण्यासाठी 'सॉलोमन ब्राउन' ही जीवरक्षक होडी निघाली. ती चालवणारी संस्था १८२४ सालापासूनची. तीही देणग्यांवर चालते आणि तिचे बहुतेक नाविक स्वयंसेवकच असतात. प्रमुख ट्रेव्हेल्यन रिचर्ड्स यांनी गावातले सात गडी बरोबर घेतले. एका गड्याचा मुलगाही यायला तयार होता. पण अशा रात्री एका घरातली दोन माणसे नेणार नाही, म्हणून त्यांनी त्याला मागे ठेवले. चौघांना उचलून घेतल्याचा संदेश होडीवरून आला, आणि त्यानंतर काहीच ऐकू आले नाही. जहाजावरचे आठ आणि होडीवरचे आठ, असे सोळा जीव गेले.

गेलेल्यांत गावच्या 'शिप इन' या मद्यगृहाचा चालकही होता. त्याच आठवड्यात नाताळच्या दिव्यांची कळ त्याच्याच हाताने दाबली गेली होती. गावाने दिवे मालवले. काही दिवसांनी ते पुन्हा लागले, तेही त्याच्या विधवा पत्नीच्या सांगण्यावरून. तेव्हापासून दरवर्षी १९ डिसेंबरला रात्री आठ वाजता तासभर ती रोषणाई मंद केली जाते. पाहुण्यांची गर्दी असली तरी हा नेम मोडत नाही.

सज्जनहो, या तासाचा आपण नीट विचार करावा. एखाद्या व्यापाऱ्याने आपल्या पाटीसाठी खर्च केलेला असता, तर ऐन हंगामातल्या रात्री तासभर दिवे मंद करायला त्याने किती खळखळ केली असती! मौझलला कोणाची परवानगी मागावी लागत नाही. माळ गावाची, हात गावाचे, वर्गणी लोकांची. म्हणून आनंद कधी दाखवायचा आणि दुःख कधी पाळायचे, हे ठरवण्याचा अधिकारही गावाचाच राहिला.

वर्गणीची पावती फाडताना आम्ही सभासदाला नेहमी सांगत आलो की, रुपया देऊन तू काही विकत घेत नाहीस, तू बोलण्याचा हक्क राखतोस. सणाच्या वर्गणीचेही तसेच आहे. मोठा देणगीदार मिळाला तर त्याला अवश्य नमस्कार करावा. पण कळ मात्र त्याच्या हाती देऊ नये. शंभर घरांतून थोडे थोडे जमवायला पाय झिजतात, हे आम्ही जाणतो. तरीही पुढच्या सणाला आपल्या पेठेत दिवे लावायचे ठरले, तर प्रथम ही शंभर दारे ठोठवावीत, वही चौकात उघडी ठेवावी आणि तारवाल्याची मजुरी पहिल्या पानावर लिहावी.