पेंगणारे मूल आणि वैद्यकाची एक नवी वाट

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



विद्यार्थ्यांनी पुढे कोणता व्यवसाय पत्करावा, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. मोठमोठ्या व्यवसायांविषयी अधिकारवाणीने बोलण्याची आमची योग्यता नाही. तथापि एक दृश्य आम्ही जन्मभर जवळून पाहिले आहे. ते म्हणजे वर्गात पेंगणारे मूल. आज त्या मुलाविषयी, आणि त्याची काळजी वाहणाऱ्या वैद्यकाच्या एका नव्या शाखेविषयी बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम आमचाच एक अपराध सांगतो. सेनगाव तालुक्यातील एका खेड्यात आम्ही शिक्षक असता तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. गणिताचा तास सुरू होताच त्याची मान खाली जाई. तोंड सदा उघडे, बोलणे नाकातून. आम्ही त्यास आळशी ठरविले, भिंतीकडे तोंड करून उभे केले, प्रसंगी छडीही मारली. उभ्या उभ्याही तो पेंगे आणि वर्ग हसे. एके दिवशी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, लेकरू रातभर घोरतंय, मधीच दम अडकल्यावानी होतंय न् दचकून उठतंय." आम्ही उत्तर दिले, "घोरतो म्हणजे झोप गाढ लागते, बाई." त्या माउलीने आमच्या शब्दावर विश्वास ठेविला. चौथीनंतर त्या मुलाची शाळा सुटली.

पुष्कळ वर्षांनी आमच्या नातवास तसाच त्रास होऊ लागला. नांदेड येथील कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की, नाकामागची ग्रंथी आणि टॉन्सिल वाढल्यामुळे झोपेत श्वासाची वाट बंद होते. मेंदू घाबरून मुलास जागे करितो आणि असे रात्रीतून अनेक वेळा घडते. मूल अंथरुणात असते, परंतु त्यास विश्रांती मिळत नाही. शस्त्रक्रियेनंतर नातू तोंड मिटून शांत झोपू लागला. त्या रात्री आम्हांस मात्र झोप आली नाही. त्या जुन्या विद्यार्थ्यास नेमके काय होते, हे आज सांगता येणार नाही. परंतु त्याच्या आईने सांगितलेली लक्षणे हीच होती, आणि ऐकणारे आम्ही अडाणी होतो.

सज्जनहो, हे अडाणीपण केवळ आमचे नव्हते. निद्रेचे शास्त्रच वयाने लहान आहे. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलास रात्री उपकरणे जोडून त्याच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. झोपेत काही काळ बुबुळे वेगाने फिरतात आणि मेंदू जागेपणीसारखाच कामात असतो, हे त्याने व त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केले. अर्थात या शास्त्राच्या आरंभी एक निजलेले मूलच होते. पुढे १९७६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे ख्रिश्चन गिलेमिनो या फ्रान्समध्ये जन्मलेल्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या आठ मुलांची हकीकत लिहिली. दिवसा पेंगणे, अभ्यासात मागे पडणे, अंथरूण ओले करणे, ही लक्षणे त्यांनी नोंदविली. आम्ही ज्यांस दुर्गुण समजून छडी उगारीत होतो, त्यांस त्यांनी रोगाची चिन्हे म्हणून ओळखिले!

मेरी कार्स्काडन या विदुषीने कुमारवयीन मुलांची झोप वर्षानुवर्षे मोजली. वय वाढले की झोपेची गरज घटते, हा समज तिने खोटा ठरविला. उलट, त्या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकते, म्हणून मुलांस रात्री लवकर झोप येत नाही व पहाटे जाग येत नाही, असे तिने दाखविले. या संशोधनाच्या आधारे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली सांगितले की, मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठपूर्वी भरवू नयेत. आणि कॅलिफोर्निया राज्याने माध्यमिक वर्गांतील मोठ्या मुलांसाठी तसा कायदा २०२२ पासून अमलात आणिला. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल श्री. रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून शाळांच्या वेळा बदलण्याविषयी विचार मांडला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढिला. निजलेल्या मुलाकडे पाहणारे एक संशोधन कायद्यापर्यंत पोहोचते, यास आम्ही खरे नेतृत्व समजतो.

आता विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक ऐकावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या हिंगोलीस शंभर जागांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला, तेव्हा असे घडेल याची कल्पनाही आम्ही केली नव्हती. बारावीनंतर एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, एक वर्ष आंतरवासिता आणि बालरोगशास्त्राच्या एम.डी.ची तीन वर्षे, अशी साडेआठ वर्षे झाली की बालरोगतज्ज्ञ तयार होतो. पुढे मुलांची श्वसनसंस्था वा मज्जासंस्था यांचे विशेष शिक्षण घ्यावयाचे, तर आणखी तीन वर्षे. दिल्लीच्या एम्स संस्थेत श्वसनरोग विभागाच्या नावातच निद्रावैद्यक जोडलेले आहे. वाट लांब आहे, यात शंका नाही. परंतु त्या वाटेवर गर्दी नाही.

ज्यांस डॉक्टर होणे शक्य नाही, त्यांनीही निराश होऊ नये. निद्रेची तपासणी रात्रभर चालते. डोक्यास तारा, छातीस पट्टा, बोटास प्राणवायू मोजणारी कळ लावून मूल निजते आणि तंत्रज्ञ जागून नोंदी पाहतो. त्यास हात कुशल हवा आणि रडणाऱ्या मुलास समजाविण्याची माया हवी. घशाचे शल्यवैद्य, दात व जबडा पाहणारे वैद्य, मुलांच्या सवयी सुधारणारे मानसशास्त्रज्ञ, परिचारिका, या साऱ्यांस येथे काम आहे. गडचिरोलीस डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांस नवजात बालकांचे श्वास मोजण्यास शिकविले, आणि त्यामुळे बालमृत्यू किती घटले हे १९९९ साली जगापुढे मांडिले. मुलाचा श्वास ओळखण्यास प्रथम पदवी लागत नाही, कान लागतो. आमच्या विद्यार्थ्याच्या आईस तो होता.

परंतु एक विसंगती येथे बोलून दाखविलीच पाहिजे. डॉक्टर व्हावे म्हणून आपण आपली मुले लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांस धाडितो, आणि "अमक्याचा मुलगा रात्री दोनपर्यंत जागतो" हे कौतुकाने सांगतो. आज या व्यासपीठावर कित्येकांचा असाच गौरव झाला, आणि टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो. वस्तुतः सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलास आठ ते दहा तास झोप हवी, असे या शास्त्राचे जाणकार सांगतात. दिवसा वाचलेले मनात पक्के होण्याचे कामही झोपेतच होते. तेव्हा झोप चोरून केलेला अभ्यास म्हणजे बियाणे विकून केलेली पेरणी होय.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली, आपल्या ज्ञातीतील जो विद्यार्थी बालरोगशास्त्राकडे वा निद्रातपासणीच्या तंत्राकडे वळेल, त्यास मंडळाने शिष्यवृत्ती द्यावी. दुसरी, लग्नाच्या वरातीतील कर्णे रात्री दहास बंद व्हावेत; कायदा तेच सांगतो आणि शेजारच्या पाळण्यातील मूलही तेच मागते. तिसरी, घरात जे मूल रोज घोरते, श्वास अडून दचकते वा तोंड उघडे ठेवून झोपते, त्यास डॉक्टरांकडे न्यावे. कोणा गुरुजींनी "गाढ झोप आहे" असे सांगितले, तरी त्यावर विसंबू नये.

आमचा तो विद्यार्थी आज चाळिशीपुढे गेला असेल. त्याची क्षमा मागण्यास आम्हांस तो सापडला नाही. तुमच्यापैकी एखाद्याने तशा मुलास वेळीच ओळखिले, तर आमचे ऋण काही अंशी फिटेल. आता रात्रीचे नऊ वाजत आले आहेत आणि पुढील रांगेतील बालगोपाळ पेंगू लागले आहेत. त्यांस जागे ठेवण्याचा आम्हांस अधिकार नाही. म्हणून येथेच थांबतो. जय हिंद, जय महाराष्ट्र.