छपरावरचं ऊन कुणाच्या नावावर?

(बुलढाणा जिल्ह्यातील बचतगट व महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आज आपण विजेबद्दल बोलणार आहोत. वीज म्हटली की हे पुरुषांचं खातं, असं आपल्या घरांत धरूनच चालतात. वायरमनला बोलवायचं त्यांनी, बिलाची तक्रार करायची त्यांनी. पण वीज गेली की काम कुणाचं थांबतं? गिरणी बंद, म्हणजे दळणाचा डबा घेऊन परत यायचं आपण. मोटर बंद, म्हणजे हंडा उचलायचा आपण. अंधारात चुलीपुढे बसायचं आपण आणि रात्री परसाकडे जाताना भ्यायचं तेही आपणच. गेल्या वीस वर्षांत गावठाणातलं भारनियमन पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झालं, हे खरं. तरी पहिल्या वादळात तार तुटते आणि दोन-दोन दिवस गाव अंधारात राहतं, हे काही तुम्हाला मी सांगायला नको.

आपण ज्या जिल्ह्यात बसलो आहोत, त्याच जिल्ह्यातल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. बाईला एक माप आणि पुरुषाला दुसरं, हे का, असा त्यांचा रोकडा सवाल होता. तोच सवाल आज आपण छपरावर येऊ घातलेल्या विजेला विचारू या. काम कुणाचं, आणि नाव कुणाचं?

आधी हे यंत्र काय आहे ते समजून घेऊ. ते समजलं नाही, तर दारात येणारा एजंट सांगेल तेच खरं मानावं लागेल.

सौर पॅनेलवर ऊन पडलं की वीज तयार होते. ती एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी वीज. आपले पंखे, टीव्ही चालतात एसीवर. हा बदल करतो इन्व्हर्टर. १ किलोवॅटच्या संचाला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. आपल्याकडच्या उन्हात तो वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट वीज देतो, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आत-बाहेर. आता घरातला हिशेब करा. ९ वॅटचे चार दिवे पाच तास जळले, तर पाव युनिटही होत नाही. ७० वॅटचा पंखा दहा तास फिरला, तर पाऊण युनिटच्या आत. लहान घराला १ किलोवॅट पुरतो. मात्र शेगडी इंडक्शनची असेल तर ती एकटीच दीड-दोन हजार वॅट ओढते. तेव्हा छपरावर पॅनेल आलं म्हणजे चुलीचा धूर आपोआप गेला, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुसरी गोष्ट नीट ऐका, कारण इथेच फसगत होते. सरकारी अनुदानातून जे संच बसतात ते बहुतेक महावितरणच्या तारेला जोडलेले असतात. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते, रात्री आपण तारेतली वापरतो, आणि दोन्हीची वजाबाकी होऊन बिल येतं. यालाच नेट मीटर म्हणतात. बिल उतरतं, पण स्थिर आकार द्यावाच लागतो. आणि बाहेरची वीज गेली की हा संचही बंद पडतो. तसं मुद्दामच केलेलं असतं, कारण तार दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या छपरावरच्या विजेचा झटका बसू नये. अंधारातही दिवा हवा असेल तर बॅटरी लागते, आणि तिला चालेल असा इन्व्हर्टर लागतो. त्याचे पैसे वेगळे. पॅनेल २५ वर्षं टिकतं. साधी आम्लाची बॅटरी तीन-पाच वर्षांत संपते. गावोगाव सौर दिव्यांचे नुसते खांब उभे दिसतात, त्यातले कितीतरी बॅटरीपायीच गेले. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: बाहेरची वीज गेल्यावर माझा दिवा लागेल का?

आता पवनचक्की. वारा फुकट आहे, पावसाळ्यात ढग असतात तेव्हा वारा असतो, रात्रीही असतो. म्हणून दोन्हींची जोडी चांगली, हे म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. पण वाऱ्याचं गणित कडक असतं. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, एक-अष्टमांश होते. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर किंवा धुळ्यातल्या ब्राह्मणवेलला मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तिथला वारा मोजून. घर, झाड, भिंत आडवी आली की वारा तुटतो. त्यासाठी उंच मनोरा हवा, आणि फिरणारे भाग असल्यामुळे देखभाल हवी. एकट्या घराला हा खर्च झेपत नाही. बुलढाण्याच्या घाटमाथ्यावर एखादं वसतिगृह, शाळा, आरोग्य केंद्र असेल, तर तिथे वर्षभर वारा मोजून मग विचार करावा. घरासाठी आधी ऊन.

पैशाचं काय? केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. त्यात १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं. २०२५ साली राज्य सरकारने ‘स्मार्ट’ नावाची जोड योजना जाहीर केली. तीत दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्याचे आणखी १७,५०० रुपये धरले. १ किलोवॅटचा संच ५०,०००चा धरला, तर घरचे अडीच हजार. अनुदान मात्र संच बसल्यावर बँकेच्या खात्यात येतं. म्हणजे आधी रक्कम उभी करणं आलं, कर्ज आलं. आणि कर्जाचे हप्ते घरात कोण निस्तरतं, हे बचतगटातल्या बायांना कुणी शिकवायला नको.

आता मूळ मुद्द्यावर येते. हे अनुदान मिळतं कुणाला? ज्याच्या नावावर वीजजोडणी आहे त्याला. छप्पर कुणाचं? ज्याचं नाव ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आहे त्याचं. आता मनातल्या मनात आपापल्या घराचं बिल डोळ्यांपुढे आणा. त्यावर नाव कुणाचं आहे? नवऱ्याचं. नाहीतर सासऱ्याचं. कित्येक घरांत तर वारलेल्या आजेसासऱ्याचं.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात नुसता कागदाचा नाही. २००६ साली शेतकरी आत्महत्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, त्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. नवऱ्यामागे वावर सांभाळणारी, मुलं शिकवणारी, बिल वेळेवर भरणारी बाई, आणि मीटर अजून सासऱ्याच्या नावावर. दीर सही देत नाही. मग तिचं छप्पर असून नसल्यासारखं, तिचं ऊन असून नसल्यासारखं. टाकलेल्या बाईचं तर विचारूच नका. शेतातल्या सौर पंपाचंही तेच. २०२४च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने भरायचे फक्त दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींनी पाच टक्के. पण मागायचं कुणी? ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्याने. निंदण, खुरपण, वेचणी करणारीने नव्हे.

हा रस्ता आपल्याला नवा नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला बाया लाखांनी जमल्या होत्या. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचं आंदोलन झालं आणि अनेक गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. राज्याच्या ग्रामविकास खात्याने २००३ साली घराची नोंद नवराबायको दोघांच्या नावे करायला सांगितलं. कागद आहे. आपल्या ग्रामपंचायतीत तो किती घरांना लागला, हे आपण विचारलं का?

आणखी एक गोष्ट. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून ते पुसावं लागतं. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेल्या पाण्यातून ते पुसणार कोण? यंत्र नवऱ्याचं आणि फडकं बायकोचं, असं व्हायला नको. ज्या हातात फडकं, त्याच हातात पान्हा आणि मीटर तपासायचं ज्ञानही आलं पाहिजे. ते आपल्याला जमणारं आहे. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात लिहिता-वाचता न येणाऱ्या आज्याही सौर दिव्यांची जोडणी आणि दुरुस्ती शिकल्या. आपल्या विदर्भातच, वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यातल्या कवठा (झोपडी) इथे बचतगटांच्या बायांनी आयआयटी मुंबईच्या मार्गदर्शनाने सौर पॅनेल बनवण्याची सहकारी संस्था उभी केली. मग आपल्या तालुक्यात पॅनेल बसवायला आणि दुरुस्तीला माणूस शहरातूनच का यावा?

तर मैत्रिणींनो, इथून जाताना चार कामं घेऊन जाऊ या. एक, प्रत्येक गटाने आपल्या घरांच्या वीजबिलांवरची आणि नमुना ८ वरची नावं लिहून काढायची. दोन, ग्रामसभेत दोघांच्या नावाची मागणी ठरावात आणायची, आणि विधवा व परित्यक्ता बहिणींचे मीटर त्यांच्या नावावर करण्याचे अर्ज गटाने सोबत जाऊन महावितरणच्या कार्यालयात द्यायचे. तीन, संच घेण्याआधी गटात बसून हिशेब करायचा: किती युनिट, किती कर्ज, बॅटरी आहे की नाही, दुरुस्ती किती वर्षं कोण करणार. हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करायची नाही. चार, प्रत्येक गावातून निदान दोन मुलींना या कामाचं शिक्षण मिळावं, ही मागणी पंचायत समितीकडे लावून धरायची.

ऊन सगळ्यांच्या छपरावर सारखं पडतं. तिथून खाली येताना मात्र ते कुणाच्या तरी नावावर चढतं. ते नाव आपलंही असलं पाहिजे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचं वीजबिल बरोबर आणावं.